मोजणीची नोटीस



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांना या गावात कुणी कधी नावाने ओळखलं नाही. ते सगळ्यांचे गुरुजी होते. मी सातवीत त्यांच्या वर्गात होतो. सहामाहीच्या पेपरात त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असे : 'या विषयातलं तुला असं काय येतं, जे मी विचारलेलं नाही?' त्या प्रश्नाला पाच गुण असत. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला नद्यांची उगमस्थानं कधीच पाठ होत नसत. पण विहीर कुठे खणली तर पाणी लागेल, हे त्याचे आजोबा कसं ओळखतात, ते त्याने भूगोलाच्या पेपरात पानभर लिहिलं. गुरुजींनी त्याला पाचपैकी पाच गुण दिले आणि ते पान वर्गात वाचून दाखवलं.

घरी माझे वडील भूकरमापक होते. शेताची मोजणी करायची तर आधी नोटीस निघायची. ज्याचं शेत त्याला, आणि लगतच्या खातेदारांनाही. अमुक तारखेला मोजणी आहे, हजर राहावं, हरकत असेल तर सांगावी. वडील म्हणायचे, ''ज्याची जमीन, तो बांधावर उभा पाहिजे. तो नसताना टाकलेली साखळी पुढे दहा वर्षं कोर्टात फिरते.''

गुरुजींचा तो प्रश्न आणि वडिलांची ही नोटीस, दोन्ही मनात ठेवून मी आज एका दूरच्या देशातल्या मुलांची गोष्ट सांगणार आहे. अमेरिकेत २०१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत शाळकरी मुलं राष्ट्रीय मापाच्या चाचण्यांविरुद्ध उभी राहिली. ती का उभी राहिली, त्यांचं कुठे बरोबर होतं आणि त्यांच्या विरोधात बोलणाऱ्यांचंही काय बरोबर होतं, हे मला मांडायचं आहे.

२ जून २०१० रोजी अमेरिकेत 'कॉमन कोअर' नावाची शैक्षणिक मानकं जाहीर झाली. बालवर्गापासून बारावीपर्यंत, इंग्रजी आणि गणित या दोन विषयांत, कोणत्या इयत्तेच्या अखेरीस मुलाला काय यायला हवं, याची ती यादी. आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण अमेरिकेच्या राज्यघटनेत 'शिक्षण' हा शब्दच नाही. तिथे शाळा हा राज्यांचा आणि त्याहून अधिक गावोगावच्या निवडून आलेल्या शाळा मंडळांचा विषय. म्हणून अनेक राज्यांना मिळून एक यादी, ही तिथल्या शाळांच्या इतिहासात फार मोठी गोष्ट होती.

तिची गरज का पडली? जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी घ्यायची आणि २०१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल 'प्रवीण' करायचं, असं त्यात होतं. न करणाऱ्या शाळेवर कारवाई. मात्र 'प्रवीण' कुणाला म्हणायचं, हे राज्याने ठरवायचं. मग व्हायचं तेच झालं. अनेक राज्यांनी मुलांना वर चढवण्याऐवजी पायरीच खाली आणली. एका राज्यात हुशार ठरलेलं मूल राज्याची हद्द ओलांडताच कच्चं ठरू लागलं. यावर उपाय म्हणून राज्यांच्या गव्हर्नरांची संघटना आणि राज्यांच्या शिक्षणप्रमुखांची परिषद एकत्र आली आणि त्यांनी एक सामायिक माप तयार करवून घेतलं. हेतू चांगला होता, हे आधीच नोंदवतो.

माप मात्र घाईने बसवलं गेलं. २००९ ची आर्थिक मंदी होती, राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. केंद्र सरकारने 'रेस टू द टॉप' नावाची ४.३५ अब्ज डॉलरची स्पर्धा जाहीर केली. अशी सामायिक मानकं स्वीकारली, शिक्षकांच्या मूल्यमापनात मुलांचे गुण धरले, की राज्याला स्पर्धेत गुण मिळत. केंटकी राज्याने तर अंतिम मसुदा प्रसिद्ध होण्यापूर्वी, फेब्रुवारी २०१० मध्येच ती मानकं स्वीकारली. पुढे ४५ राज्यांनी आणि राजधानी वॉशिंग्टनने ती पूर्ण स्वीकारली. टेक्सस, व्हर्जिनिया, अलास्का आणि नेब्रास्का बाहेर राहिली. बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने या कामात २० कोटी डॉलरहून अधिक पैसा घातला. गव्हर्नर, शिक्षणप्रमुख, तज्ज्ञ, देणगीदार, परीक्षा घेणाऱ्या कंपन्या, सगळे बांधावर हजर होते. ज्यांची मोजणी व्हायची ती मुलं तेवढी नव्हती. त्यांना नोटीसच गेली नव्हती.

मानकांत वाईट काय होतं? कागदावर फारसं नव्हतं. अपूर्णांक नुसते पाठ न करता समजून घ्यावेत, मत मांडताना मजकुरातला पुरावा द्यावा, हे कोणता शिक्षक नाकारील? वाद होता तो प्रमाणांचा. चौथीत कथा-कविता आणि माहितीपर मजकूर निम्मा-निम्मा, आणि बारावीपर्यंत माहितीपर मजकूर ७० टक्के, असं ते माप सांगत होतं. हे सगळ्या विषयांतलं वाचन धरून आहे, असं मानकांतच स्पष्ट केलं होतं. पण चाचणी होती इंग्रजीची. त्यामुळे अनेक शाळांत कात्री लागली ती इंग्रजीच्या तासाला आणि कादंबरीची जागा उताऱ्यांनी घेतली. मानक काय म्हणतं यापेक्षा चाचणी काय विचारते, यावर वर्ग चालतो. हे आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको. दहावीचं वर्ष प्रत्येकाच्या घरात होऊन गेलेलं आहे.

चाचण्या तयार करायला केंद्राच्या अनुदानावर राज्यांचे दोन गट उभे राहिले. एकाची चाचणी 'पार्क' या नावाने ओळखली जाई, दुसऱ्याची 'स्मार्टर बॅलन्स्ड' या नावाने. न्यूयॉर्क राज्याने तर त्यांची वाट न पाहता २०१३ मध्येच नव्या मापाची स्वतःची परीक्षा घेतली. निकाल लागला तेव्हा वाचनात आणि गणितात जेमतेम ३१ टक्के मुलं 'प्रवीण' ठरली. आदल्या वर्षी हे प्रमाण दोन्ही विषयांत निम्म्याहून अधिक होतं. त्या एका वर्षात मुलं बदलली नव्हती, माप बदललं होतं. पण घरी निकालपत्र घेऊन गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला हे कोण सांगणार? त्याच्या हातातल्या कागदावर त्याचं नाव होतं, मापाचं नव्हतं.

आता मुलांकडे येतो. १९६५ मध्ये आयोवा राज्यातल्या डी मॉइन शहरात काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेली. त्यांतली मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती. शाळेने त्यांना घरी पाठवलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला, की विद्यार्थ्याचा अभिव्यक्तीचा हक्क शाळेच्या फाटकाशी संपत नाही. २०१३ ची मुलं या निकालाच्या सावलीत वाढलेली होती.

त्या वर्षी जानेवारीत सिएटल शहरातल्या गारफिल्ड हायस्कूलच्या शिक्षकांनी 'मॅप' नावाची चाचणी घ्यायला नकार दिला. शिक्षकांवर कारवाईची टांगती तलवार होती. तेव्हा व्यवस्थापनाने स्वतः चाचणी घ्यायचं ठरवलं, तर कित्येक मुलं जागेवरून उठलीच नाहीत. मे महिन्यात शहराच्या शिक्षण अधीक्षकांनी जाहीर केलं, की हायस्कुलांनी ही चाचणी घ्यायची की नाही ते आपलं आपण ठरवावं. एका शाळेतल्या शिक्षकांचा आणि मुलांचा नकार साऱ्या शहराच्या कामी आला.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या मुलांचं काम. तिथे 'नेकॅप' नावाची, न्यू इंग्लंडमधल्या काही राज्यांनी मिळून केलेली चाचणी होती. ती कॉमन कोअरच्या आधीची, पण प्रश्न तोच. २०१४ पासून या चाचणीत किमान पातळी गाठल्याशिवाय हायस्कूलची पदवीच मिळणार नाही, असं राज्याने ठरवलं. अकरावीतली सुमारे ४० टक्के मुलं त्या पातळीच्या खाली होती. ती बहुतेक गरीब वस्त्यांतली, घरी इंग्रजी न बोलणारी किंवा अपंगत्व असलेली. प्रॉव्हिडन्स स्टुडंट युनियन या मुलांच्याच संघटनेने २०१३ च्या फेब्रुवारीत मोर्चा काढला. चालत्या प्रेतांसारखी तोंडं रंगवून मुलं राज्याच्या शिक्षण खात्याच्या दारात गेली. पदवी नाकारलेल्या मुलाचं पुढे काय होतं, ते त्यांना दाखवायचं होतं. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. पण त्यांचं खरं काम पुढच्या महिन्यात झालं. त्यांनी या चाचणीतले प्रसिद्ध झालेले गणिताचे प्रश्न गोळा केले आणि पन्नास यशस्वी मोठ्या माणसांना पेपर सोडवायला बसवलं. आमदार, प्राध्यापक, वकील, वैज्ञानिक, पत्रकार. पन्नासांपैकी साठ टक्के माणसांना पदवीपुरते गुण मिळाले नाहीत.

मित्रहो, मुलांनी दगड मारला नाही की काच फोडली नाही. ज्या मापाने आम्हाला मोजता, त्यात एकदा स्वतः उभे राहून बघा, एवढंच त्यांनी म्हटलं. २०१४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ही अट २०१७ पर्यंत स्थगित केली.

२०१३ च्या नोव्हेंबरात टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीच्या शाळा मंडळापुढे बारावीचा एक विद्यार्थी पाच मिनिटं बोलला. कॉमन कोअर कसं आलं, त्यातून शिक्षकांवर कसा अविश्वास दाखवला जातो, हे त्याने टाचणं काढून मांडलं. ते भाषण पुढे लाखो लोकांनी पाहिलं. २०१४ च्या नोव्हेंबरात कोलोरॅडोत बारावीच्या हजारो मुलांनी विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांच्या नव्या चाचण्यांना नकार दिला. बोल्डरमधल्या फेअरव्ह्यू हायस्कूलची मुलं कडाक्याच्या थंडीत शाळेबाहेर उभी राहिली. ऐन महाविद्यालयीन अर्ज भरण्याच्या दिवसांत होणाऱ्या या चाचणीचा निकाल त्यांच्या कुठल्याच कामाचा नव्हता. पुढच्या वर्षी विधिमंडळाने बारावीच्या राज्य चाचण्या काढून टाकल्या. २ मार्च २०१५ रोजी न्यू मेक्सिकोत 'पार्क' सुरू झाली आणि अल्बुकर्की, सांता फेमधली शेकडो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. न्यूयॉर्कमध्ये त्याच वसंतात दोन लाखांहून अधिक मुलं, म्हणजे पाचातलं एक मूल, चाचणीला बसलं नाही. न्यू जर्सीतही त्याच वर्षी 'पार्क' आली. तिथल्या सरकारी शाळांत शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनीही तेव्हा ती दिली किंवा नाकारली.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की मी सरसकट सामायिक मापाच्या विरोधात बोलतो आहे. तसं नाही. दुसरी बाजू इतकी भक्कम आहे, की ती झाकली तर हे व्याख्यान अप्रामाणिक ठरेल.

मे २०१५ मध्ये बारा नागरी हक्क संघटनांनी चाचणीवरील बहिष्काराला जाहीर विरोध केला. कृष्णवर्णीयांची जुनी संघटना 'एनएएसीपी' त्यात होती. त्यांचं म्हणणं असं, की काळ्या, गरीब आणि अपंग मुलांना शाळा काय शिकवते हे शतकभर कुणी मोजलंच नाही. २००२ च्या कायद्याने पहिल्यांदा प्रत्येक समूहाचे आकडे वेगळे छापायला लावले, तेव्हा कुठे शाळांची लबाडी उघडी पडली. आणि न्यूयॉर्कमधला बहिष्कार सर्वांत जोरात होता तो सुखवस्तू उपनगरांत.

या आक्षेपामागे मोठा इतिहास आहे. २३ एप्रिल १९५१ रोजी व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावी बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने संप घडवला. काळ्या मुलांच्या त्या शाळेत जागा पुरत नव्हती, म्हणून वर्ग डांबरकागदाच्या खोपटांत भरत. तिने खोटा निरोप धाडून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढलं, सभागृहात मुलं जमवली आणि साडेचारशेहून अधिक मुलं संपावर गेली. गोऱ्या मुलांना जशी शाळा, तशीच आम्हाला, ही मागणी. त्या संपातून उभा राहिलेला खटला १९५४ च्या 'ब्राउन' निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक होता, ज्या निकालाने अमेरिकेतल्या शाळांमधली वर्णभेदाची भिंत बेकायदा ठरवली. बार्बरा जॉन्स समान माप मागत होती.

आणखी एक उदाहरण. २०१४ च्या सप्टेंबरात कोलोरॅडोतल्याच जेफरसन काउंटीत शेकडो मुलं वर्ग सोडून बाहेर पडली, ती चक्क एका राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बाजूने. अमेरिकेच्या इतिहासाच्या नव्या राष्ट्रीय आराखड्याची छाननी करावी, देशभक्तीचे धडे वाढावेत आणि कायदेभंगाला उत्तेजन देणारा मजकूर असू नये, असा प्रस्ताव स्थानिक शाळा मंडळातल्या एका सदस्येने आणला होता. कायदेभंग शिकवू नका असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांनी तो करून दाखवला. मंडळाला प्रस्ताव मवाळ करावा लागला आणि २०१५ च्या नोव्हेंबरात मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना परत बोलावलं.

म्हणजे एकाच राज्यात, एकाच हंगामात, मुलं एकदा राष्ट्रीय आराखड्याच्या बाजूने उभी राहिली आणि एकदा राज्याने लादलेल्या चाचणीच्या विरोधात. यात विसंगती आहे का? माझ्या मते अजिबात नाही. फार्मव्हिल, प्रॉव्हिडन्स, जेफरसन काउंटी, या सगळ्यांत धागा एकच आहे. मानक म्हणजे शासनाने मुलाला दिलेलं वचन : तुला आम्ही एवढं शिकवू. त्या वचनाचा हिशेब शासनाकडे मागायचा असतो. ऱ्होड आयलंडमध्ये तो उलटा झाला. ज्या मुलाला शाळेने गणिताचा धड शिक्षक दिला नाही, त्याच्याच अंगावर अपयशाचं बिल फाडलं गेलं. आजाऱ्याचा ताप मोजावा, त्याला कुणाची हरकत नाही. ताप चढला म्हणून आजाऱ्यालाच दंड करायचा, इथे मुलांनी हरकत घेतली. बार्बरा जॉन्सने शासनाला वचनाची आठवण दिली, प्रॉव्हिडन्सच्या मुलांनी खोटं बिल परत केलं. दोघांनीही म्हटलं ते हेच, की मोजणीच्या वेळी आम्ही बांधावर उभे राहणार.

निष्पन्न काय झालं? डिसेंबर २०१५ मध्ये ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. कॉमन कोअर किंवा कोणतंही विशिष्ट मानक राज्यांच्या गळी उतरवायला, त्यासाठी आमिष दाखवायलाही, केंद्राला त्यात मनाई झाली. मात्र तिसरी ते आठवीच्या वार्षिक चाचण्या कायम राहिल्या. त्याच महिन्यात न्यूयॉर्कने शिक्षकांचं मूल्यमापन चाचणीच्या गुणांवर करणं चार वर्षं स्थगित केलं. न्यू मेक्सिकोतली 'पार्क' जानेवारी २०१९ मध्ये नव्या गव्हर्नर बाईंनी बंद केली. कित्येक राज्यांनी मात्र मानकांचं फक्त नाव बदललं आणि आतला मजकूर बराचसा तसाच ठेवला. मुलांचा संपूर्ण विजय झाला, असं मी म्हणणार नाही. पण सोळा-सतरा वर्षांची मुलं आकडेवारी वाचू शकतात आणि शासनाला नम्रपणे चूक दाखवू शकतात, हे त्यांनी कायमचं सिद्ध केलं.

आता आपल्याकडे. हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी सर्वांसाठी एक होती. पण काय शिकवायचं हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्याबरोबर शेतीची तोंडओळख, नीती आणि आरोग्य हेही धरलं. हक्क सर्वांना सारखा, आणि अभ्यास मात्र मुलाच्या जगण्याला धरून. अमेरिकेतला सगळा वाद ज्या दोन टोकांत अडकला, ती दोन्ही टोकं जोतीरावांनी एका निवेदनात जुळवली होती.

आपल्याकडेही आता सामायिक मापाचे दिवस आहेत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, वेगवेगळ्या मंडळांचं मूल्यमापन एका पातळीवर आणण्यासाठी 'परख' हे राष्ट्रीय केंद्र २०२३ मध्ये उभं राहिलं. मी त्याला विरोध करायला इथे आलेलो नाही. गडचिरोलीच्या मुलाला पुण्याच्या मुलाइतकंच दर्जेदार शिक्षण मिळतं का, हे देशाने मोजलंच पाहिजे. पण ते मोजताना गडचिरोलीचं मूल बांधावर उभं असेल का? त्याच्या घरची गोंडी किंवा माडिया त्या मापात मोजली जाईल, की वजा धरली जाईल? आणि आकडा कमी आला तर दोष कुणाच्या नावावर लिहिला जाईल, त्या मुलाच्या की रिक्त राहिलेल्या शिक्षकाच्या जागेच्या?

एक गोष्ट लक्षात आणून देतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा त्याला हक्क आहे आणि वयानुसार त्या मताला वजन दिलं पाहिजे. अमेरिकेने या संहितेला आजवर मान्यता दिलेली नाही. भारताने ती १९९२ मध्येच दिली आहे. म्हणजे जे तिथल्या मुलांना रस्त्यावर येऊन मिळवावं लागलं, ते आपण आपल्या मुलांना सही करून केव्हाच देऊन बसलो आहोत. सही केली, पण अंमल राहिला.

शिक्षकमित्रांनो, तो अंमल दिल्लीहून येईपर्यंत थांबू नका. येत्या सहामाहीला पेपर काढाल, तेव्हा शेवटी पाच गुणांची जागा मोकळी ठेवा आणि गुरुजींचा प्रश्न तिथे लिहा. पालकांनो, निकालपत्र हातात आलं की मुलाला किती मिळाले हे विचारण्याआधी काय शिकवलं गेलं हे शाळेला विचारा. आणि मागे बसलेल्या मुलामुलींनो, तुमच्या मोजणीची नोटीस तुम्हाला आली नसेल, तर ती मागून घ्या. बांधावर उभं राहायचा हक्क तुमचा आहे.